बोटीचे स्थैर्य आणि आत शिरणारे पाणी : बोटमालक व तांडेल यांच्यासाठी माहितीपत्रक

पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींच्या मासेमारीस बंदी असते आणि गोव्यातील मालिम, शापोरा, कुटबण येथील अनेक बोटी याच दिवसांत दुरुस्तीला काढल्या जातात. आमच्या कार्यशाळेत येणाऱ्या ग्राहकांच्या या काळातल्या दोन मागण्या ठरलेल्या असतात : केबिनच्या छपरावर काहीतरी वाढवून द्यावे आणि तळातले पाणी उपसायला मोठा पंप बसवून द्यावा. पहिली मागणी पूर्ण केली की दुसरीची गरज वाढते, हे सहसा लक्षात येत नाही. बोट पाण्याने काठोकाठ भरते आणि मग बुडते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ती बहुधा त्याच्या बऱ्याच आधी कलंडते, कारण आत शिरलेले थोडेसे पाणीही तिची सरळ होण्याची ताकद हिरावून घेते.

वजन कोठे आहे

बोटीचे सगळे वजन तिच्या गुरुत्वमध्यातून खाली ओढत असते, तर पाण्याचा वर उचलणारा रेटा बोटीचा जेवढा भाग पाण्यात बुडालेला आहे त्याच्या मध्यातून काम करतो. बोट एका बाजूला कलली की त्या बाजूचा अधिक भाग बुडतो, रेट्याचा मध्य तिकडे सरकतो आणि बोटीला परत सरळ करतो. या सरकलेल्या मध्यातून सरळ वर काढलेली रेषा बोटीच्या मधल्या रेषेला जेथे छेदते, त्या बिंदूला मेटासेंटर म्हणतात. गुरुत्वमध्य या बिंदूच्या जितका खाली, तितकी बोट ताठ. तो वर चढत चढत मेटासेंटरच्याही वर गेला, तर बोट सरळ उभी राहूच शकत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या स्थैर्यसंहितेत २४ मीटर व त्याहून लांब, एकडेकी मासेमारी जहाजांसाठी गुरुत्वमध्य व मेटासेंटर यांच्यातले अंतर किमान ३५ सेंटिमीटर असावे असे म्हटले आहे. आपल्यापैकी अनेकांच्या बोटी एवढ्या मोठ्या नाहीत, तरी आपण किती थोड्या अंतराच्या आधाराने समुद्रात जातो, याची कल्पना त्या आकड्यावरून यावी.

आता १० टन वजनाच्या बोटीच्या छपरावर पाण्याची टाकी, सौर पॅनेल आणि त्यांचा सांगाडा मिळून ३०० किलो वजन, मूळ गुरुत्वमध्यापासून ३ मीटर उंचीवर चढवले असे समजा. एवढ्याने गुरुत्वमध्य सुमारे ९ सेंटिमीटर वर येतो. पुढच्या वर्षी जाड जाळे, त्यानंतर वरच्या बाजूला लोखंडी कठडा, असे दर हंगामात थोडे थोडे वाढत जाते आणि यातली एकही भर एकटी धोकादायक वाटत नाही. याचे पहिले लक्षण असे की बोट पूर्वीपेक्षा सावकाश डोलू लागते आणि कललेल्या बाजूला क्षणभर थबकून मग परत येते. कित्येक खलाशांना हे डोलणे सुखाचे वाटते. आमच्या मते ज्या बोटीचे डोलणे असे मवाळ झाले आहे, तिची तपासणी होईपर्यंत तिने बंदराबाहेर जाऊच नये.

टांगलेल्या वजनाचा हिशेब आणखी वेगळा आहे. तारल्यांनी भरलेली जाळ्याची पिशवी डेरिकवर (वजन उचलण्याच्या आडव्या दांड्यावर) पाण्याबाहेर आली की तिचे वजन, ती डेकपासून एक हातभरच वर असली तरी, डेरिकच्या टोकावर ठेवल्यासारखे काम करते. शिवाय ती बाजूला असल्यामुळे बोट त्या बाजूला ओढलीही जाते. म्हणून मोठा घास एकदम उचलण्यापेक्षा तो वाटून घ्यावा आणि बोट अनपेक्षित कलू लागताच पिशवी पाण्यात सोडून देण्यास कचरू नये. सिकेरी-नेरूलच्या बाजूला डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटींना हाच नियम माणसांच्या रूपात लागू होतो. डॉल्फिन दिसताच सगळे प्रवासी एकाच बाजूला उभे राहतात आणि वजन एकाच क्षणी वरही जाते व कडेलाही. प्रवाशांना आधीच बसवून ठेवणे आणि बोटच वळवून दोन्ही बाजूंना दृश्य दाखवणे, हे तांडेलाचे काम आहे.

मोकळे पाणी

पाण्याने अर्धी भरलेली परात उचलून चालणाऱ्याला जो अनुभव येतो, तोच बोटीला येतो : जिकडे कलावे तिकडे पाणी आधीच धावून जाते. बंद आणि पूर्ण भरलेली टाकी हे केवळ वजन असते. अर्धवट भरलेली टाकी, बर्फ वितळून मासळीच्या खणात साचलेले पाणी किंवा इंजिनाखाली हिंदकळणारे पाणी मात्र प्रत्येक हेलकाव्यात उलट्या बाजूने जोर लावते. हा परिणाम पाणी किती आहे यापेक्षा ते किती रुंद पसरले आहे यावर, आणि तोही रुंदीच्या घनाच्या प्रमाणात, ठरतो. त्यामुळे खणाच्या मधोमध लांबीच्या दिशेने एक घट्ट फळी घातली, तर तो एक चतुर्थांशावर येतो. मासळीच्या खणातल्या फळ्या साफसफाईला काढून पुन्हा न लावणाऱ्यांना आमची एवढीच विनंती आहे, की ती फळी मासळीसाठी जितकी आहे तितकीच बोटीसाठीही आहे.

डेकवरचे पाणी याहून घातक, कारण ते रुंदही असते आणि उंचावरही. ४ मीटर लांब व ३ मीटर रुंद डेकवर १० सेंटिमीटर पाणी साचले, तर ते सव्वा टनाच्या आसपास भरते. ते बाहेर जाण्यासाठी कठड्याच्या तळाशी जी भोके ठेवलेली असतात, तीच मासळी वाहून जाऊ नये म्हणून गोणपाट किंवा फळी कोंबून बंद केलेली आम्ही वारंवार पाहतो. तेथे जाळी बसवावी. भोक बंद करू नये. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधील झेब्रुग बंदराबाहेर 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही मोठी फेरीबोट पुढचा दरवाजा उघडा राहिल्याने, वाहने ठेवण्याच्या, आडभिंती नसलेल्या डेकवर पाणी पसरून काही मिनिटांत कलंडली आणि १९३ जणांचा मृत्यू झाला.

पाणी येते कोठून

आपल्याकडच्या बोटींमध्ये पाणी शिरण्याच्या जागा थोड्याच आणि ठरावीक आहेत. पंख्याच्या शाफ्टभोवतीचे ग्लँड पॅकिंग (पाणी अडवणारे भरण) बोट चालू असताना थेंब थेंब गळाले तर चालते, मात्र धार लागता कामा नये. इंजिनाला समुद्राचे पाणी देणारा व्हॉल्व्ह गंजून अर्धवट उघडा अडकलेला असतो आणि त्याच्यापुढचा रबरी पाइप एकाच क्लिपवर टिकून असतो. तेथे स्टेनलेस स्टीलच्या दोन क्लिपा हव्यात, व्हॉल्व्ह दर आठवड्याला फिरवून पाहायला हवा आणि त्याच्या मापाची मऊ लाकडाची खुंटी दोरीने शेजारीच बांधलेली हवी. लाकडी बोट दोन महिने कोरडी राहिली की फळ्यांच्या फटी उघडतात, म्हणून ती पाण्यात उतरवल्यावर फळ्या फुगून सांधे मिटेपर्यंत तिच्यावर पहारा ठेवावा. फायबरच्या बोटीत तळाच्या पोकळीतला फोम पाणी पिऊन बसतो आणि बोट विनाकारण जड होते. इंजिनाच्या खोलीच्या आडभिंतीला वायर ओढण्यासाठी पाडलेले बोटभर भोक बुजवले नसेल, तर ती भिंत असून नसल्यासारखीच आहे.

एका भोकातून किती पाणी येते, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. पाण्याच्या पातळीखाली १ मीटरवर ५ सेंटिमीटर व्यासाचे भोक पडले, तर मिनिटाला ३०० लिटरच्या आसपास पाणी आत येते. बाजारात तासाला ७,५०० लिटर लिहिलेला पंप मिनिटाला कागदोपत्री १२५ लिटर फेकतो आणि पाणी वर चढवताना प्रत्यक्षात त्याहूनही कमी. म्हणून मोठ्या पंपाच्या भरवशावर राहण्यापेक्षा पाणी आल्याचे लवकर कळणे महत्त्वाचे आहे. पंपाच्या स्वतंत्र, तळातच पण किंचित वर बसवलेल्या फ्लोटवर (पाण्याबरोबर वर उचलल्या जाणाऱ्या तरंगत्या स्विचवर) चालणारा भोंगा आम्ही पंपाच्या आधी सुचवतो. फ्लोटमध्ये जाळ्याचे धागे आणि खवले अडकतात, त्यामुळे तो हाताने उचलून पाहावा. पंपाचा पाइप पातळीच्या बराच वर नेऊन मग बाहेर काढावा, नाहीतर पंप थांबल्यावर समुद्रच त्या वाटेने आत येऊ शकतो. बॅटरी तळाशी असेल तर पंप ऐन वेळी सर्वांत आधी बंद पडेल.

पाणी शिरलेच तर

सर्वांनी लाइफ जॅकेट घालून खाली व मधोमध बसावे, वेग कमी करावा, टांगलेले वजन खाली सोडावे आणि पाण्याचा माग काढावा. व्हीएचएफ रेडिओवर चॅनेल १६ वरून किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवायला बोट कलण्याची वाट पाहू नये. बोट एका बाजूला पडून राहिली आणि धक्का बसताच दुसऱ्या बाजूला तशीच पडू लागली, तर वजन वर असलेल्या बाजूला कधीही हलवू नये. गुरुत्वमध्य वर गेल्याची ती खूण आहे आणि तसे केल्यास बोट दुसऱ्या बाजूला जोराने जाऊन उलटू शकते. आधी उंचावरचे वजन खाली आणावे आणि मोकळे पाणी कमी करावे. मांडवीच्या तोंडाशी किंवा बेतूलला साळ नदीच्या तोंडाशी वाळूच्या पट्ट्यांवर लाटा फुटत असताना मागून येणारी लाट बोट आडवी फिरवते, आणि लाटेच्या माथ्यावर बोटीचे स्थैर्य एरवीपेक्षा कमी असते. तळात पाणी घेऊन तो पट्टा ओलांडू नये. शक्य असल्यास बाहेर थांबून ते उपसावे.

चाचणी

बोटीवर काही वाढवायचे असल्यास आम्ही आधी कलण्याची चाचणी घेतो. ठरावीक वजन डेकवर एका बाजूकडून दुसरीकडे सरकवून, तेलाच्या बादलीत सोडलेला ओळंबा किती सरकतो ते मोजतो. १० टनांच्या बोटीवर १०० किलो वजन २ मीटर सरकवल्यावर २ मीटर लांब ओळंबा ४ सेंटिमीटर सरकला, तर मेटासेंटरचे अंतर १ मीटर येते. यासाठी बोट शांत पाण्यात, भरतीच्या ओढीपासून दूर आणि दोर सैल सोडून उभी करावी लागते. टाक्या पूर्ण भरलेल्या किंवा पूर्ण रिकाम्या असाव्यात, तळ कोरडा असावा आणि बर्फ व मासळी उतरवलेली असावी. जाळे मात्र नेहमीच्या जागी, नेहमी असते तेवढेच ठेवून बोट आणावी.