मृत्युदर आणि आयुर्मान: बिहारपेक्षा केरळचा मृत्युदर जास्त कसा?

भारताच्या महानिबंधक कार्यालयाने नमुना नोंदणी योजनेतून काढलेले 2020 सालचे आकडे पाहिले, तर केरळचा मृत्युदर दर हजारी 7.0 आणि बिहारचा 5.4 होता. त्याच वर्षी केरळात हजार जिवंत जन्मांमागे 6 अर्भके दगावली, तर बिहारमध्ये 27. 2016–20 या काळासाठीचे जन्माच्या वेळचे आयुर्मान केरळात सुमारे 75 वर्षे आणि बिहारमध्ये साडेएकोणसत्तर वर्षांच्या आसपास होते. अर्भके कमी दगावतात आणि माणसे जास्त जगतात, अशा राज्याचा मृत्युदर जास्त निघतो हे पाहून वाचकाला कुठेतरी छपाईची चूक झाली असावी असेच वाटते. पण छपाई बरोबर आहे आणि आकडेही बरोबर आहेत. मृत्युदर आणि आयुर्मान ही एकाच नाण्याच्या दोन बाजूंसारखी मापे आहेत, एक खाली गेले की दुसरे वर जाणारच, हे आपण धरलेले गृहीतक तेवढे चुकीचे आहे.

बातम्यांत ज्याला नुसते ‘मृत्युदर’ म्हणतात त्याला लोकसंख्याशास्त्रात ढोबळ मृत्युदर म्हणतात. वर्षभरात झालेले एकूण मृत्यू, त्यांना वर्षाच्या मध्यावरच्या एकूण लोकसंख्येने भागायचे आणि हजाराने गुणायचे, इतके ते सोपे गणित आहे. (करोनाच्या काळात दर शंभर रुग्णांमागील मृत्यूंनाही सर्रास मृत्युदर म्हटले गेले, ते निराळेच माप होते आणि त्याचा इथे संबंध नाही.) या भागाकारात मेलेल्या माणसाचे वय कुठेच येत नाही. एका दिवसाचे बाळ आणि नव्वदीतले आजोबा, दोघांची नोंद एकाच रकान्यात आणि एकाच वजनाने होते. मृत्यूची शक्यता मात्र वयानुसार प्रचंड बदलते. पहिल्या वर्षात ती मोठी असते, दहा-बारा वर्षांच्या वयात नीचांकाला असते आणि साठीनंतर झपाट्याने चढत जाते. म्हणून ज्या समाजात वृद्धांची संख्या जास्त, तिथे आरोग्यसेवा कितीही उत्तम असली तरी ढोबळ मृत्युदर चढाच राहणार. 2011 च्या जनगणनेत साठ वर्षांवरील लोकांचे प्रमाण केरळात 12.6 टक्के, महाराष्ट्रात 9.9 टक्के आणि बिहारमध्ये 7.4 टक्के होते. सुरुवातीच्या कोड्याचा मोठा भाग या तीन आकड्यांतच सुटतो.

तरीही हे वहीवर मांडून पाहिल्याशिवाय पटत नाही, म्हणून दोन काल्पनिक तालुके घेऊ. दोन्हींची लोकसंख्या दहा हजार. पहिल्या तालुक्यात पंधरा वर्षांखालील 4,000, पंधरा ते साठ वयाचे 5,500 आणि साठीपुढचे 500 लोक आहेत. या तीन गटांत मृत्यूचे प्रमाण दर हजारी अनुक्रमे 5, 2 आणि 50 आहे. वर्षभरात तिथे 20, 11 आणि 25 असे मिळून 56 मृत्यू होतील आणि ढोबळ मृत्युदर 5.6 निघेल. दुसऱ्या तालुक्यात मुले 2,000, मधल्या वयाचे 6,000 आणि वृद्ध 2,000 आहेत; तिथे मृत्यूचे प्रमाण तिन्ही वयोगटांत पहिल्या तालुक्यापेक्षा कमी, म्हणजे दर हजारी 1, 1.5 आणि 35 आहे. तरी मृत्यू होतील 2, 9 आणि 70, एकूण 81; ढोबळ मृत्युदर 8.1. कोणत्याही वयाच्या माणसाने दुसऱ्या तालुक्यात राहणेच हिताचे आहे, आणि मृत्युदराच्या यादीत मात्र तोच तालुका मागे पडतो.

या अडचणीवरचा जुना उपाय म्हणजे दोन्ही ठिकाणचे वयोगटनिहाय दर एकाच लोकसंख्येला लावून पाहणे. दुसऱ्या तालुक्याचे दर पहिल्याच्या लोकसंख्येला लावले तर तीसच्या आसपास मृत्यू येतात, म्हणजे दर हजारी 5.6 च्या समोर 3.0. याला प्रमाणित मृत्युदर म्हणतात. दोन राज्यांची किंवा दोन काळांची तुलना करायची तर निदान एवढे तरी करावे, अशी अपेक्षा रास्त आहे. प्रत्यक्षात राज्याराज्यांच्या क्रमवाऱ्या ढोबळ आकड्यांवरच लावल्या जातात आणि त्यावरून आरोग्यमंत्र्यांचे कौतुक किंवा वाभाडे काढले जातात.

आयुर्मानाची बांधणी मुळातच वेगळी आहे, कारण त्यात खऱ्या लोकसंख्येची वयरचना येतच नाही. एक लाख बाळे एकाच दिवशी जन्मली अशी कल्पना करायची. आज देशात पहिल्या वर्षातले मृत्यूचे जे प्रमाण आहे, ते त्यांना लावायचे. अर्भक मृत्युदर, म्हणजे हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बाळे, 28 असेल, जो 2020 मध्ये भारताचा होता, तर 2,800 बाळे पहिल्या वाढदिवसाआधीच गळतील आणि 97,200 पुढे जातील. त्यांना मग पुढच्या वयाचे आजचेच दर लावायचे, उरलेल्यांना त्यापुढच्या वयाचे, आणि असे शेवटचा माणूस संपेपर्यंत जायचे. या सर्वांनी मिळून जगलेल्या वर्षांची बेरीज करून तिला एक लाखाने भागले की जन्माच्या वेळचे आयुर्मान मिळते. या तक्त्याला आयुर्मान सारणी म्हणतात. लंडनच्या मृत्युनोंदींवरून जॉन ग्रॉन्टने 1662 मध्ये तिची पहिली कच्ची मांडणी केली आणि ज्याच्या नावाचा धूमकेतू आहे त्या एडमंड हॅलीने 1693 मध्ये ब्रेस्लाऊ शहराच्या नोंदींवरून ती अधिक नेटकी केली. हॅलीपुढचा प्रश्न व्यवहाराचा होता: वर्षासन, म्हणजे एकरकमी पैसे घेऊन पुढे हयातभर दरवर्षी ठरावीक रक्कम देण्याचा करार, विकायचे तर कोणत्या वयाच्या माणसाकडून किती रक्कम घ्यावी?

या बांधणीमुळे आयुर्मान वृद्धांच्या संख्येने फसत नाही, पण त्याचे स्वतःचे दोन सापळे आहेत. पहिला सापळा सरासरीचा. 1911 ते 1921 या दशकात भारताचे आयुर्मान जेमतेम वीस वर्षांच्या घरात होते. 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ त्याच दशकातली, आणि त्या दशकाअखेरीस देशाची लोकसंख्या चक्क घटलेली होती. यावरून त्या काळी माणसे विशीत म्हातारी होऊन मरत असत असे समजणारे आजही भेटतात. प्रत्यक्षात हजारात दोनशेहून अधिक अर्भके वर्षाच्या आत जात असत आणि त्यांच्या शून्याजवळच्या आयुष्यांनी सरासरी खाली ओढलेली असे. महर्षी धोंडो केशव कर्वे त्याच दशकात साठीत पोहोचले आणि पुढे 1962 पर्यंत, वयाच्या एकशेचौथ्या वर्षापर्यंत जगले. ते अपवाद होते हे खरे, परंतु साठी ओलांडलेली माणसे त्या काळीही प्रत्येक गावात होती. बालमृत्यूचे वजन आयुर्मानात इतके मोठे असल्यामुळेच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच आरोग्यदूत स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्याला लोकसंख्याशास्त्रातही महत्त्व आले. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात प्रयोगाच्या गावांतील नवजात मृत्यूंत 62 टक्के घट दिसली होती. एका बाळाला वाचवले की सारणीत साठ-सत्तर वर्षांची भर पडते. ऐंशीच्या रुग्णाला वाचवले तर थोड्याच वर्षांची. माणुसकीच्या हिशेबात या दोन जिवांत फरक नसतो, सारणीच्या हिशेबात मात्र असतो, हे ते माप वापरणाऱ्याने विसरू नये.

याच सापळ्याचे घरगुती रूप निवृत्तीच्या वेळी दिसते. आयुर्मान सत्तर, माझे वय पासष्ट, म्हणजे पाच वर्षांची सोय केली की झाले, असा हिशेब शिकलेली माणसेही करतात. जन्माच्या वेळचे आयुर्मान हे नुकत्याच जन्मलेल्या बाळासाठी आहे. जो साठीला पोहोचला, त्याने बालपणाचे, अपघातांचे, बाळंतपणाचे सगळे धोके मागे टाकलेले असतात. भारतात साठाव्या वर्षी उरलेले आयुर्मान सुमारे अठरा वर्षे आहे. पेन्शनचे गणित त्या आकड्यावर करायचे असते.

दुसरा सापळा काळाचा. सारणीतल्या एक लाख बाळांवर आपण आजचेच दर जन्मभर लादतो, आणि खऱ्या बाळांच्या वाट्याला तसे आयुष्य येत नाही. अमेरिकेचे आयुर्मान 2019 मधील 78.8 वरून 2021 मध्ये 76.4 पर्यंत खाली आले आणि 2022 मध्ये पुन्हा 77.5 झाले. 2021 मध्ये जन्मलेल्या अमेरिकन बाळांचे आयुष्य दोन-अडीच वर्षांनी घटले, असा त्याचा अर्थ नव्हता. करोनाचे ते वर्ष पुढची सत्तर-ऐंशी वर्षे जसेच्या तसे चालू राहिले असते तर काय झाले असते, एवढेच तो आकडा सांगत होता. आयुर्मान म्हणजे भविष्यवाणी नव्हे. चालू वर्षात मृत्यूचा जोर किती, हे वर्षांच्या भाषेत सांगण्याची ती एक सोय आहे.

दोन्ही मापांना कच्चा माल एकच लागतो, तो म्हणजे मृत्यूची खात्रीची नोंद (आयुर्मानासाठी ती वयासह हवी), आणि आपल्याकडे खरी मेहनत तिथेच आहे. 1969 च्या कायद्याप्रमाणे जन्म-मृत्यू एकवीस दिवसांत कळवणे बंधनकारक आहे, पण सर्व राज्यांत नोंदणी सारखी होत नाही. म्हणून नमुना नोंदणी योजनेत देशभर निवडलेल्या साडेआठ हजारांहून अधिक गावांत आणि शहरी गटांत दुहेरी पद्धत वापरतात. स्थानिक गणक वर्षभर घरोघरची माहिती ठेवतो. दर सहा महिन्यांनी पर्यवेक्षक स्वतंत्रपणे त्याच घरांत जाऊन चौकशी करतो. मग दोन्ही याद्या ओळीने ताडून पाहतात आणि जी घटना एकाच यादीत आढळते तिच्यासाठी पुन्हा त्या घरी जातात. सर्वांत जास्त निसटते ते जन्मून दोन-चार दिवसांत गेलेले बाळ. घरचे त्याचा जन्म सांगत नाहीत आणि मृत्यूही सांगत नाहीत, त्यामुळे अनुभवी पर्यवेक्षक आधीच्या फेरीत गरोदर असलेल्या स्त्रियांवर बोट ठेवून प्रत्येकीचे पुढे काय झाले ते विचारतो. नमुना लहान राज्यांत अपुरा पडतो, म्हणून आयुर्मान पाच-पाच वर्षांचे एकत्र काढतात आणि ढोबळ दर मात्र दरवर्षी जाहीर होतो. बातम्यांत ढोबळ दरच अधिक दिसण्याचे हेही एक साधे कारण आहे.

नागरी नोंदणीतल्या आकड्यांवरून जिल्ह्यांची तुलना करणे आणखी धोक्याचे, कारण तिथे मृत्यू जिथे घडला तिथे नोंदवला जातो. सिंधुदुर्गातला गंभीर रुग्ण अनेकदा गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नेतात. तिथे त्याचे निधन झाले तर नोंद गोव्यात होते. नमुना नोंदणीत मात्र तो मृत्यू त्याच्या नेहमीच्या राहत्या घरी मोजला जातो. त्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या 2001 ते 2011 दरम्यान घटली, तरुण मुंबईकडे गेले आणि मागे वयस्क उरले. अशा जिल्ह्याचा ढोबळ मृत्युदर जास्त निघाला तर त्यात आरोग्य केंद्राचा दोष किती आणि चाकरमान्यांच्या स्थलांतराचा वाटा किती, हे वयोगट पाडल्याशिवाय सांगता येत नाही.

इतके असूनही ढोबळ मृत्युदर टाकाऊ नाही. लोकसंख्या किती वेगाने वाढते हे विचारायचे असेल तर तोच लागतो, आयुर्मान तिथे कामाचे नाही. 2020 मध्ये बिहारचा जन्मदर 25.5 होता; त्यातून 5.4 वजा केले की दर हजारी 20.1 ही नैसर्गिक वाढ मिळते. केरळात 13.2 मधून 7.0 गेले की 6.2 उरते. स्मशानभूमी, वारस नोंदी, विम्याचे दावे, निवृत्तिवेतन बंद होण्याचे प्रमाण या सगळ्यांसाठी प्रत्यक्ष किती माणसे गेली हेच हवे असते. त्यांचे वय प्रमाणित करून उपयोग नाही.

महाराष्ट्राचा 2020 चा मृत्युदर 5.5 होता, आयुर्मान 73 च्या जवळ आणि एकूण प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यभरात सरासरी होणारी मुले, 1.5. इतक्या कमी प्रजननामुळे मुलांचा वाटा घटत जाईल आणि वृद्धांचा वाढेल, म्हणजे येत्या काही दशकांत राज्याचा ढोबळ मृत्युदर वाढणे जवळपास ठरलेले आहे, भले आयुर्मानही त्याच काळात वाढत राहो. जपानमध्ये आयुर्मान 84 च्या आसपास आहे आणि मृत्युदर दर हजारी 11 च्या पुढे गेलेला आहे. तशा दिशेने आपले आकडे सरकू लागतील तेव्हा बातमीच्या मथळ्यात ‘राज्याचा मृत्युदर वाढला’ असे येईल, आणि त्याखालच्या परिच्छेदात वयोगटनिहाय दर दिलेले आहेत की नाहीत यावर ती बातमी काही सांगते की नाही हे ठरेल.