गावाचा इतिहासपट: सुईदोऱ्यामागची पार्श्वभूमी

गावाचा इतिहास कापडावर उतरवायचा म्हटलं की कुणीतरी फ्रान्समधल्या बायोच्या पटाचं नाव काढतंच. अकराव्या शतकातला हा पट जवळपास ७० मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद. टॅपेस्ट्री म्हणून गाजला खरा, पण तो विणलेला नाही, लिननच्या कापडावर लोकरीच्या धाग्यानं भरलेला आहे. खऱ्या टॅपेस्ट्रीत चित्र बाण्यातच, म्हणजे आडव्या धाग्यातच, विणत जातात, पैठणीच्या पदरावरच्या मोरासारखं. त्याला माग लागतो आणि वर्षानुवर्षांचा हात लागतो. विदर्भातल्या बहुतेक खेड्यांत आज माग नाही, सुई मात्र घरोघरी आहे. म्हणून इथला इतिहासपट गोधडीच्या अंगानंच जावा.

गोधडी ही मुळात काटकसर. नऊवारी लुगडं म्हणजे आठ मीटरच्या वर कापड. अंगचं कापड विरतं, काठ शाबूत राहतो. म्हणून पटाच्या चौकटीला जुन्या लुगड्यांचे काठच घ्यावेत. चिंध्या जोडलेला अंगरखा घालणाऱ्या गाडगेबाबांना लोक गोधडेबुवाही म्हणत, ते याच मुलखात.

या कापडाचा इतिहास तोच गावाचा इतिहास. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, आणि इथले भाव चढले. १८७० साली खामगावला रेल्वेचा फाटा पोचला. बंडीतून, म्हणजे बैलगाडीतून, निघालेली पराटीची (कपाशीची) बोंडं जिनात सरकी काढून, गाठी होऊन मुंबईमार्गे बाहेर गेली आणि कापड होऊन परत आली. कोष्ट्यांचे माग मागे पडले. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. बंडी, जिन, रेल्वे आणि लुगडं हे चार तुकडे पटावर शेजारी-शेजारीच हवेत.

पुढची मांडणी मात्र वर्धा नदीच्या कोणत्या काठावर गाव आहे त्यावर ठरते. पश्चिमेला, वऱ्हाडात, रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरी. पूर्वेला जुन्या मध्य प्रांतात मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून भरी; ती १९५० च्या कायद्यानं संपली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, त्याच व्यवस्थेची खूण. तिथल्या पटात तलाव आणि त्याची पाळ (बांध) मध्यभागी येते, वऱ्हाडात विहीर आणि वखर. साल पक्कं करायला जुना बंदोबस्ताचा (जमीनमोजणी आणि साऱ्याचा) नकाशा, जन्ममृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर बघावं. पूर्वेकडे निस्तारपत्रकही: गुरं कुठं चरत, सरपण कुठून येई, ते त्यात सापडतं. म्हातारी माणसं साल सांगत नाहीत, ‘मोठ्या दुष्काळाच्या साली’ असं सांगतात. ते तसंच लिहून घ्यावं, आकडा नंतर जुळवावा.

आता शिवण. तुकडा दोन फूट बाय दोन फूट, चहूबाजूंनी दीड इंच जादा. तळाचा मांजरपाट, म्हणजे जाडं सुती कापड, आधी धुवून आटवून घ्यायचा, नाहीतर पहिल्याच धुण्यात पट वाकडा होतो. रंगीत चिंधी ओली करून पांढऱ्या फडक्यावर इस्त्रीनं दाबायची. रंग उतरला तर बाद. लाल आणि काळा सगळ्यात दगा देतात. धावदोरा मध्यापासून सुरू करून बाहेर कडेकडे न्यायचा, दोरा हातभरच घ्यायचा. लांब दोरा गुंततो, मग बाई तो ओढते आणि कापड आवळतं. दहा जणींचे हात दहा तऱ्हेचे. एकीचा तुकडा चोवीस इंचांचा राहतो, दुसरीचा बावीसवर येतो. म्हणून आधी शिवायचं आणि पुठ्ठ्याचा साचा ठेवून कड शेवटी कापायची.

अक्षरं दीड इंचाहून लहान नकोत. आधी सगळ्या ओळीची शिरोरेघ साखळी टाक्यानं घालावी, मग त्याखाली अक्षरं. उलटं केलं की रेघ प्रत्येक अक्षरापाशी उडी मारते. चेहरे गोधडीच्या टाक्यात जमत नाहीत. माणूस पागोट्यावरून, हातातल्या डवऱ्यावरून (कोळप्यावरून) ओळखू यावा.

टांगताना कोपऱ्यांना खिळे मारू नयेत, मध्ये झोळ पडतो. मागून पूर्ण रुंदीची तीन इंची नेफ्यासारखी पट्टी शिवून त्यात बांबू सरकवावा. पावसाळ्यात पट घडी न घालता, चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळावा आणि जुन्या धोतरात बांधावा. प्लॅस्टिकमध्ये घातला तर पोळ्यापर्यंत बुरशी धरते.