आस्पेक्ट रेशो दुरुस्ती (व्हिडिओ संकलन)

आस्पेक्ट रेशो दुरुस्ती : चित्रीकरणाच्या चौकटीचे रुंदी-उंचीचे प्रमाण आणि संकलनाच्या टाइमलाइनचे (प्रोग्राममध्ये क्लिप क्रमाने मांडतात त्या पट्टीचे) प्रमाण जुळले नाही की फुटेज ताणले, चेपले किंवा कापले जाते. ते मूळ प्रमाणात आणण्याचे हे काम. लग्नाच्या जुन्या मिनी-डीव्ही कॅसेटी डिजिटल करून घेतल्या की ही अडचण अनेक घरांत समोर येते : टीव्ही रुंद, कॅसेट ४:३ ची, आणि पडद्यावर सगळे वऱ्हाड फुगलेले.

मूळ गोंधळ पिक्सेलच्या आकाराचा आहे. भारतात चाललेल्या पॅल या टीव्ही-चित्राच्या पद्धतीत डीव्ही (मिनी-डीव्ही कॅसेटीवरच्या) चित्राची फ्रेम ७२०×५७६ पिक्सेलची असते. नुसता भागाकार केला तर ५:४ येते, म्हणजे ना ४:३ ना १६:९. कारण हे पिक्सेल चौरस नसतात. ४:३ चित्रात एक पिक्सेल त्याच्या उंचीच्या सुमारे १.०९ पट रुंद धरला जातो, १६:९ मध्ये सुमारे १.४६ पट. जुने प्रोग्राम १.०६७ आणि १.४२२ हे आकडे वापरत, त्यामुळे एकच क्लिप दोन ठिकाणी किंचित वेगळी दिसू शकते. दोन्ही प्रकारांत पिक्सेलची संख्या तीच असल्याने कोणता आकार धरायचा हे फाइलमधल्या छोट्या नोंदीवरच ठरते. ती नोंद चुकली की चित्र बिघडते. एचडीव्ही (कॅसेटीवर एचडी चित्र घेणाऱ्या) कॅमेऱ्याची १४४०×१०८० फ्रेमही अशीच. तिचा पिक्सेल १.३३३ पट रुंद, म्हणून ती १९२० रुंदीची दिसायला हवी.

निदानासाठी चेहऱ्यावर विसंबू नये, डोळा ताणलेल्या चेहऱ्याला लवकर सरावतो. चित्रात गोल वस्तू शोधून तिची रुंदी आणि उंची पडद्यावर मोजावी. औक्षणाचे तबक तिरके धरलेले असते, ते उपयोगाचे नाही. भिंतीवरचे घड्याळ किंवा बाजूने दिसणारे गाडीचे चाक चांगले. फाइलमध्ये काय नोंदले आहे ते मीडियाइन्फोसारख्या प्रोग्राममध्ये दिसते.

नंतर एकच गोष्ट ठरवायची : फक्त नोंद चुकली आहे, की चित्रच ताणून पुन्हा साठवले गेले आहे? नोंद चुकली असेल तर टाइमलाइनवर क्लिप हाताने ओढून जुळवणे ही वाईट सवय आहे. प्रत्येक तुकडा वेगळा ओढला जातो आणि माप कुठेच सारखे राहत नाही. संकलनाच्या प्रोग्रामांपैकी प्रीमियर प्रोमध्ये ‘इंटरप्रेट फुटेज’, दाविंची रिझॉल्व्हमध्ये ‘क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्स’ या ठिकाणी पिक्सेलचा आकार बदलला की ती क्लिप सगळीकडे सुधारते. एफएफएमपेग या आज्ञा लिहून चालवायच्या प्रोग्रामने चित्राला हात न लावता, नव्याने एन्कोड न करता (चित्र पुन्हा न साठवता) फाइलची नोंद बदलता येते. मात्र व्हिडिओ प्रवाहाच्या आतही स्वतंत्र नोंद असू शकते. काही प्लेअर ती मानतात, काही बाहेरची. म्हणून दोन-तीन प्लेअरमध्ये पाहून घ्यावे.

चित्रच ताणलेले असेल, समजा ४:३ फुटेज १९२०×१०८० च्या पूर्ण चौकटीत पसरवले असेल, तर रुंदी ७५ टक्क्यांवर आणावी. चित्र १४४० पिक्सेलचे होते आणि दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या उरतात. मूळ कॅसेट शाबूत असेल तर ती पुन्हा कॅप्चर करणे अधिक चांगले, कारण दोनदा कॉम्प्रेस केलेल्या फाइलमधला तपशील परत येत नाही.

सर्वांत जास्त नुकसान होते ते इंटरलेस्ड फुटेजमध्ये, म्हणजे ज्यात प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांत (फील्डमध्ये) विभागून घेतलेली असते त्यात. पॅलमध्ये सेकंदाला ५० फील्ड असतात, एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम. डीइंटरलेस न करता (फील्डपासून पूर्ण फ्रेम न बनवता) उंची बदलली तर या ओळी एकमेकींत मिसळतात आणि हलत्या हातांभोवती कंगव्याच्या दातांसारख्या रेघा कायमच्या बसतात. आधी डीइंटरलेस, मग आकार, हा क्रम मोडू नये.

१६:९ चित्र काळ्या पट्ट्यांसह ४:३ फ्रेममध्ये साठवलेले असले की एचडी टीव्हीवर चारही बाजूंना काळे दिसते. पॅलच्या ५७६ ओळींपैकी खरे चित्र तेव्हा ४३२ ओळींत असते. वरखालच्या पट्ट्या कापून ते अडीच पट मोठे केले की १०८० ची उंची भरते. चित्र थोडे मऊ, कमी रेखीव होते, पण काळी चौकट सुटते.

४:३ चित्राने १६:९ पडदा भरायचाच हट्ट धरला तर उंचीचा चौथा हिस्सा कापावा लागतो. लग्नाच्या फुटेजमध्ये तेव्हा फेटे आणि मुंडावळ्या जातात, नाहीतर पाटावरचे पाय. कॅमेरामनने चौकट त्या माणसांसाठी लावलेली असते, म्हणून काळ्या पट्ट्या ठेवणे हाच योग्य मार्ग. त्या जागी त्याच चित्राची धूसर प्रत पसरवण्याची पद्धत रूढ झाली आहे, पण ती नजर मधल्या माणसांवरून हलवते.

उभ्या ९:१६ व्हिडिओसाठी हे गणित आणखी कडक होते. १९२०×१०८० मधून पूर्ण उंची ठेवून उभा तुकडा काढला तर रुंदी जेमतेम ६०८ पिक्सेल उरते, म्हणजे मूळ चित्राच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी. अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभे असलेले वधू-वर त्यात एकत्र मावत नाहीत. मग शॉटनुसार कीफ्रेम (कोणत्या क्षणी चौकट कुठे हवी याच्या खुणा) लावून चौकट डावी-उजवीकडे सरकवावी लागते किंवा दोघांना वर-खाली दोन तुकड्यांत मांडावे लागते.