आर्निका, मुका मार आणि बांधावरचं गाजरगवत

मुका मार लागला की मराठवाड्यात आधी हळद-मिठाचा गरम लेप, नाहीतर निरगुडीच्या पाल्याचा शेक. घरात होमिओपॅथीची पेटी असेल तर आर्निका. हळद वसमतची, निरगुडी ओढ्याकाठची. आर्निका मात्र आल्प्स आणि रोमानियातल्या अपुसेनी डोंगरांच्या कुरणांतलं पिवळं-नारिंगी फूल. तिला आम्लधर्मी, हलकी माती लागते. चुना आणि खत सोसत नाही. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात ती यायची नाही, तेव्हा ‘गावरान आर्निका’ म्हणून कुणी फुलं दिलीच तर ती दुसऱ्या कशाची तरी असतात. युरोपातही कुरणांना खत पडू लागलं तशी ती हटली. १९९२च्या युरोपीय अधिवास निर्देशात (रानातली झाडं-प्राणी जपण्याच्या युरोपीय नियमात) तिच्या तोडणीवर बंधनं घालण्याची तरतूद आहे.

तिकडे पूर्वी लोक तिचा काढा पीतही. त्याने उलट्या-जुलाब होतात, हृदयाची लय बिघडते. होमिओपॅथीचे जनक सॅम्युअल हानेमान यांनी १८११ साली आपल्या औषधग्रंथाच्या पहिल्याच खंडात तिला घेतलं आणि होमिओपॅथीच्या वाटेनं ती इथवर आली. इथे एक घोळ हमखास होतो. ‘३०’ची गोळी म्हणजे शंभरात एक, असं तीस वेळा पातळ केलेलं, त्यात मूळ वनस्पतीचं काही उरत नाही, म्हणून विषबाधाही नाही (गुण येतो हेही भक्कमपणे सिद्ध झालेलं नाही). मदर टिंचर हा मात्र खरा अर्क. दुकानात तो त्याच कपाटात असतो. तो पिऊ नये.

वनौषधी तपासणाऱ्या जर्मनीच्या ‘कमिशन ई’ या सरकारी समितीने १९८४मध्ये फक्त बाहेरून लावायला मान्यता दिली, तीही मापं ठरवून. पट्टीसाठी टिंचर ३ ते १० पट पाण्यात पातळ करायचं. काढ्याची पट्टी असेल तर १०० मिली पाण्याला २ ग्रॅम फुलं. तेल १ भाग फुलं, ५ भाग गोडं तेल. मलमात हे तेल जास्तीत जास्त १५ टक्के. टिंचर पातळ न करता लावलं की कातडी लाल होते, फोड येतात. जखम उघडी असेल तर लावूच नये, विष थेट आत शिरतं. २००७च्या एका चाचणीत हाताच्या सांधेदुखीच्या २०४ रुग्णांवर तीन आठवडे आर्निका जेल आयब्युप्रोफेन जेलच्या तोडीचं ठरलं.

गुण देणारं आणि बाधणारं द्रव्य एकच: हेलेनालिन. ते पेशींतल्या प्रथिनांना चिकटतं, त्यामुळे सूज उतरते. कातडीच्या प्रथिनांना चिकटलं की शरीर त्यांनाच परकं समजतं आणि अ‍ॅलर्जी सुरू होते. गाजरगवतातलं पार्थेनिन याच जातकुळीचं. दोन्ही झाडं सूर्यफूल-करडईच्या कुळातली. म्हणून खुरपणीत गाजरगवतानं ज्यांचे हात-मान खाजतात, त्यांना आर्निकाचं मलम किंवा केसांचं तेलही बाधू शकतं. अशांनी ते टाळलेलंच बरं. इतरांनी आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन-तीन दिवस थांबावं. ही खाज त्याच दिवशी उठेलच असं नाही.