सुपरहिरो फॅन फिक्शन : नैतिक संदिग्धता

कॉमिक्स व चित्रपटांतून परिचित असलेल्या सुपरहिरोंना घेऊन वाचकांनी हौसेने लिहिलेल्या नव्या कथांमधील एक लेखनपद्धती. नायक सर्वस्वी चांगला आणि खलनायक सर्वस्वी दुष्ट ही मांडणी तीत सोडून दिलेली असते. योग्य काय याचा निर्णय पात्राला सहजी घेता येत नाही आणि वाचकालाही नाही. मूळ पात्रे अमेरिकी असली, तरी गोव्यातील मराठी वाचकाला ही पद्धती परकी वाटण्याचे कारण नाही. दशावतारी नाटकातून आणि नरकासुराच्या कथेतून ती त्याच्या ओळखीची आहे.

सुपरहिरोंच्या कथांत ही संदिग्धता केव्हा शिरली, याविषयी एकमत नाही. रूढ मतानुसार १९८६ हे वर्ष निर्णायक होय. त्या वर्षी फ्रँक मिलर यांचे बॅटमॅनवरील द डार्क नाइट रिटर्न्स हे कॉमिक आले आणि ॲलन मूर व डेव्ह गिबन्स यांचे वॉचमेन क्रमशः प्रसिद्ध होऊ लागले. दुसरे मत ही सुरुवात दोन दशके मागे नेते. १९६२ मध्ये अवतरलेला स्पायडरमॅन एका चोराला हातचा सोडतो आणि तोच चोर पुढे त्याच्या काकांचा जीव घेतो. त्याचे नायकत्व अपराधाच्या जाणिवेतून आले आहे. तिसरे मत थेट आरंभाकडे बोट दाखवते. १९३८ मधील ॲक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकात सुपरमॅन राज्यपालांच्या घरात जबरदस्तीने घुसतो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो आणि एका राजकीय दलालाला टेलिफोनच्या तारांवरून धावत नेऊन घाबरवतो. १९३९ मधील पहिल्या कथेत बॅटमॅनच्या ठोशाने एक गुन्हेगार ॲसिडच्या टाकीत पडतो आणि बॅटमॅनला त्याची खंत वाटत नाही. कोणाचाही जीव घ्यायचा नाही हा त्याचा प्रसिद्ध नियम १९४० च्या सुमारास संपादकीय धोरण म्हणून आला.

यांपैकी तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मग संदिग्धता आली कधी यापेक्षा ती मध्यंतरी नाहीशी का झाली, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. त्याचे उत्तर १९५४ च्या कॉमिक्स कोडमध्ये मिळते. प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या या संहितेनुसार प्रत्येक कथेत सत्प्रवृत्तीचाच विजय होणे आवश्यक होते, गुन्हेगाराविषयी सहानुभूती वाटेल असे चित्रण वर्ज्य होते आणि पोलीस, न्यायाधीश वा सरकारी अधिकारी यांच्याविषयी अनादर निर्माण करण्यास मनाई होती. १९७१ मध्ये हे नियम सैल झाले. एक्स-मेन या कथामालेतील मॅग्नेटोचे उदाहरण बोलके आहे. १९६३ मध्ये तो निव्वळ खलनायक होता. १९८१ मध्ये या मालेचे लेखक क्रिस क्लेअरमाँट यांनी त्याचे बालपण ऑशविट्झच्या छळछावणीत गेल्याचे दाखवले आणि माणसांवरचा त्याचा अविश्वास वाचकाला समजू लागला. तो पटलाच पाहिजे असे नाही. पण नंतर मॅग्नेटोवर लिहिणाऱ्या कोणालाही ते बालपण वगळून पुढे जाता आले नाही.

चाहत्यांच्या लेखनाचा आधुनिक प्रवाह सामान्यतः १९६७ च्या स्पॉकनेलिया या स्टार ट्रेक ह्या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेच्या चाहत्यांनी काढलेल्या हौशी नियतकालिकापासून मोजतात. सुपरहिरोंच्या बाबतीत मात्र वाचक नैतिक प्रश्नात प्रत्यक्ष ओढला गेला तो १९८८ मध्ये. बॅटमॅनचा तरुण साथीदार रॉबिन; ते नाव धारण करणारा दुसरा मुलगा जेसन टॉड जगावा की मरावा, हे बॅटमॅनचे प्रकाशक डीसी यांनी वाचकांच्या फोनवर सोपवले. मरावा या बाजूने ५,३४३ आणि जगावा या बाजूने ५,२७१ कौल पडले. अवघ्या ७२ कौलांनी त्याला मरण आले. हा जेसन २००५ मध्ये परत आणला गेला, तेव्हा त्याची बॅटमॅनकडे एकच तक्रार होती : मला मारणारा जोकर अजून जिवंत कसा? चाहत्यांच्या कितीतरी कथा याच तक्रारीभोवती फिरतात. नियम पाळणाऱ्या बॅटमॅनमुळे पुढचे बळी जात असतील, तर त्यांचे पाप कोणाच्या माथी? आणि नियम एकदा मोडला, तर पुढच्या वेळी हात कोण आवरणार? चांगला लेखक दोन्ही बाजू तितक्याच ताकदीने मांडतो. खलनायकाला दुःखी बालपण चिकटवले की काम झाले, ही समजूत या लेखनातला सर्वांत मोठा दोष आहे. तिथे बळी गेलेल्या माणसाचे नावसुद्धा कथेत उरत नाही.

गोव्यात दिवाळीच्या पहाटे जाळला जाणारा नरकासुर या संदर्भात लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. वाड्यावाड्यांतली मुले सांगाडा उभारून त्यात सुके गवत व रद्दी कागद भरतात. मुखवट्याचे डोळे, सुळे, नखे रंगवण्यात रात्री जागवतात. कृष्ण मात्र पुतळ्याच्या पायथ्याशी चिमुकला उभा असतो. असुराचे कौतुक फार होते, अशी तक्रार त्यामुळे वरचेवर ऐकू येते. दहनानंतर अभ्यंगस्नान, पायाच्या अंगठ्याने कारीट फोडणे आणि नाना तऱ्हेचे पोहे हा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे.

कथा मात्र सणापेक्षा गुंतागुंतीची आहे. पुराणांनुसार नरक हा वराह आणि भूदेवी यांचा पुत्र, म्हणजे विष्णूचाच अंश. भागवताच्या दशमस्कंधात त्याच्या वधानंतर भूदेवी स्वतः कृष्णापुढे येते, नरकाने पळवलेली अदितीची कुंडले परत करते आणि भ्यालेल्या नातवाला, भगदत्ताला, त्याच्या पायांवर घालते. कृष्ण त्याला अभय देतो. महाभारताच्या द्रोणपर्वात हाच भगदत्त कौरवांच्या बाजूने लढताना अर्जुनावर वैष्णवास्त्र सोडतो आणि कृष्ण ते आपल्या छातीवर झेलतो. आपण लढणार नाही असे म्हणाला होतात, ही अर्जुनाची नाराजी तिथे स्पष्ट नोंदली आहे. त्यावर कृष्ण सांगतो की, हे अस्त्र भूदेवीच्या मागण्यावरून आपणच नरकासाठी दिले होते. देवाने दिलेले अस्त्र, देवानेच मारलेला मुलगा, अभय दिलेला नातू आणि वचनाला पडलेली मुरड : फॅन फिक्शनच्या लेखकाने उभा करावा असा सगळा पेच इथे तयार आहे.

पेडणे, डिचोली, बार्देश भागांत जत्रांमधून होणाऱ्या दशावतारी नाटकांची रीतही या लेखनाला जवळची आहे. कथानक आधी ठरते, पण लिखित संहिता नसते. संवाद नट रंगमंचावर उत्स्फूर्त रचतो, त्यामुळे त्याच राक्षसाची बाजू एका रात्री निराळी आणि दुसऱ्या रात्री निराळी ऐकू येते. आडदशावतारातला, म्हणजे नाटकाच्या पूर्वरंगातला, वेद चोरणारा संकासुर तर प्रेक्षकांचा लाडका. शामजी नाईक काळे यांनी हा खेळ १७२८ च्या सुमारास कोकणात आणला, असे परंपरा मानते. त्याआधीच्या, सतराव्या शतकातल्या दासबोधात दशावतारी खेळाचा उल्लेख असल्याने तो काळ प्रारंभाचा न मानता नव्या घडणीचा मानणे सयुक्तिक होईल.

चाहत्यांच्या कथांच्या संग्रहांत हिंसा, मुख्य पात्राचा मृत्यू इत्यादींची पूर्वसूचना देण्याची पद्धत रुळली आहे. सूचना द्यायची नाही असे लेखक ठरवू शकतो, पण तेही त्याला आधी सांगावे लागते. भारतात या लेखनाला १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू होतो. कलम ५२ मध्ये खाजगी वापर, टीका व परीक्षण यांसाठी न्याय्य वापराची मुभा आहे, तर कलम ५७ अन्वये आपल्या प्रतिष्ठेला बाधक ठरेल अशा विकृतीकरणाला मूळ लेखक हरकत घेऊ शकतो. नरक, भगदत्त, संकासुर यांच्यावर लिहिणाऱ्याला या कलमांची अडचण नाही.