एनिग्मा की डेलेरियम? बाईचा आवाज ऐका

2000 नंतरची काही वर्षं लातूरच्या होस्टेलांमधून आणि तेव्हाच्या औरंगाबादच्या सायबर कॅफेंमधून एमपीथ्री सीडी हातोहात फिरायच्या. त्यात ‘रिलॅक्स’ नाहीतर ‘मेडिटेशन’ नावाचा एक फोल्डर असायचा, फोल्डरात एनिग्मा असायचं, आणि त्या एनिग्मातली एखाददोन गाणी असायची डेलेरियम या दुसऱ्याच बँडची. ज्यानं पहिल्यांदा फाइलला नाव दिलं त्यानं अंदाजपंचे दिलं, बाकीच्यांनी तसंच पुढे ढकललं. अजूनही कुणाच्या गच्चीवर डेलेरियमचं ‘सायलेन्स’ लागलं की एकजण तरी छातीठोकपणे सांगतो, “एनिग्मा आहे हे.”

नाहीये. पण त्याचं चुकतं ते का, हे समजण्यासारखं आहे. संथ ठेका, सिंथचे लांबच लांब थर, ख्रिस्ती मठातली लॅटिन स्तोत्रं आणि कानाशी येऊन थांबलेला बाईचा आवाज, एवढा सगळा ऐवज दोघांकडेही आहे. शिवाय दोन्हीकडे सूत्रं पुरुषाच्या हातात, आणि लोकांच्या लक्षात मात्र राहते बाई.

एनिग्मा म्हणजे संगीतकार मायकेल क्रेतू. जन्म बुखारेस्टचा, कारकीर्द जर्मनीतली आणि स्टुडिओ इबिझा बेटावर. पहिला अल्बम 1990 च्या डिसेंबरात आला. त्याच्या नावातच ते साल रोमन आकड्यांत आहे. त्यातलं ‘सेडनेस’ युरोपभर पहिल्या नंबरावर गेलं. सुरुवातीला हे कोण करतंय ते मुद्दाम लपवलेलं होतं. आवाज होता क्रेतूची तेव्हाची बायको सँड्रा हिचा. ती स्वतः 1985 च्या ‘मारिया मॅग्डालेना’मुळे मोठी पॉपस्टार, पण इथे ती जवळजवळ गातच नाही. माइकला ओठ टेकवल्यासारखी फ्रेंचमध्ये कुजबुजते, मार्की द साद या बदनाम फ्रेंच लेखकाला प्रश्न विचारते. हेडफोन लावून ऐका: शब्द सुरू होण्याआधीचा श्वाससुद्धा ऐकू येतो, आणि तो पुसून टाकलेला नाही, ठेवलेला आहे. गाण्यातली मादकता आहे ती त्या श्वासात. सूर असा नाहीच.

डेलेरियमची गोष्ट उलट्या टोकाकडून सुरू होते. कॅनडातल्या व्हँकुव्हरचे बिल लीब आणि ऱ्हिस फुल्बर मूळचे इंडस्ट्रियल संगीतवाले. फ्रंट लाइन असेंब्ली या त्यांच्या बँडमध्ये सगळा धातूचा खणखणाट आणि यंत्रांचा आवाज. डेलेरियम हा 1987 मध्ये काढलेला जोडधंदा. पहिले अल्बम अंधारे, बहुतेक गायनाविना. 1994 च्या ‘सिमँटिक स्पेसेस’मध्ये क्रिस्टी थर्स्क गायला लागली आणि नूरच पालटला. 1997 च्या ‘कर्मा’त सारा मॅकलॉक्लनचं ‘सायलेन्स’ आलं. 2000 मध्ये त्याचे रिमिक्स निघाले, टिएस्टो या डीजेचा सगळ्यात गाजला आणि गाणं ब्रिटनमध्ये तिसऱ्या नंबरापर्यंत चढलं. त्याच वर्षीच्या ‘पोएम’ अल्बममध्ये ली नॅश गायली. म्हणजे गायिका बदलत राहते, पाहुणी असते, पण आली की पूर्ण गाते. कडवं आहे, ध्रुवपद आहे, आणि ‘सायलेन्स’मध्ये साराचा आवाज वर चढताना मागचे सगळे थर अदबीनं बाजूला होतात.

माझी कसोटी एवढीच आहे. गाण्यातून बाईचा आवाज काढून टाका. एनिग्माचं गाणं थोडं कोरडं पडेल, पण उभं राहील, कारण तिथे आवाज हा बासरी किंवा ठेक्यासारखाच एक रंग आहे. डेलेरियमच्या ‘सायलेन्स’मधून सारा काढली तर उरतं ते नुसतं पार्श्वसंगीत. डेलेरियमचे कट्टर चाहते यावर चिडतील, चिडू देत.

स्तोत्रांवरून मात्र ओळखायला जाऊ नका. लॅटिन गायन ‘सेडनेस’मध्ये आहे तसं ‘सायलेन्स’मध्येही आहे. ते दोघांनाही का लागतं ते कळायला युरोपात जायची गरज नाही, वेरूळच्या दहा नंबरच्या लेण्यात जा. तिथल्या दगडी फासळ्यांच्या कमानीखाली गाइड एक ओळ लांबवतो, गप्प होतो, आणि सूर छताला लागून आपल्या डोक्यावर तसाच रेंगाळतो. एकाच माणसाचा घुमणारा समूह होतो. स्टुडिओत रिव्हर्ब लावून हेच तर करतात.

दुसऱ्यांचा आवाज घेण्यावरून एनिग्माला कोर्टाची पायरीही चढावी लागली. ‘रिटर्न टू इनोसन्स’मधली ती काळजाला हात घालणारी हाळी तैवानच्या अमिस जमातीतल्या दिफांग आणि त्याच्या बायकोची. नाव नाही, परवानगी नाही. 1998 मध्ये खटला, 1999 मध्ये तडजोड. सीडीवाल्या फोल्डरात हे गाणं सगळ्यात वर असायचं.

आता कसोटीला चकवणारं एक गाणं. एनिग्माचं ‘ग्रॅव्हिटी ऑफ लव्ह’ रूथ-अ‍ॅन बॉयल चक्क पूर्ण गाते, अगदी डेलेरियमच्या पाहुणीसारखी. तिथे बाईला सोडा आणि कोरस ऐका: कार्ल ऑर्फच्या ‘कार्मिना बुराना’ या समूहगानाच्या रचनेतला तो गडगडाट आला की समजा, क्रेतूच.