समालोचन हेडसेट

सामन्याचे किंवा सोहळ्याचे धावते वर्णन करताना समालोचक डोक्यावर चढवतो ते साधन. दोन्ही कानांवर गच्च बसणारे बंद कप असतात आणि एका कपापासून ओठांपर्यंत वळणाऱ्या दांडीच्या टोकाला मायक्रोफोन असतो. बायरडायनॅमिकचा डीटी २९०, सेनहायझरचा एचएमडी २६ आणि ऑडिओ-टेक्निकाचा बीपीएचएस१ ही या प्रकारातली परिचित मॉडेल्स.

दांडीचे महत्त्व गोव्यातल्या फातोर्ड्याच्या जवाहरलाल नेहरू फुटबॉल स्टेडियममध्ये चटकन कळते. चेंडू एका गोलकडून दुसऱ्या गोलकडे गेला की वर्णन करणाऱ्याची मानही त्याच्यामागे वळते. टेबलावरच्या माइकसमोर असे झाले की आवाज पडतो. दांडीवरचा माइक मात्र डोक्याबरोबरच फिरतो. तोंड आणि माइक यांतले अंतर जेमतेम दोन बोटे असते. हे अंतर दुप्पट झाले तर आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. माइक इतका जवळ असल्यामुळे त्याची संवेदनक्षमता कमी ठेवता येते आणि गोल झाल्यावरचा गॅलरीतला जल्लोष शब्दांच्या मागे राहतो. माइक समोरचाच आवाज अधिक घेणारा असतो, त्याचाही यात मोठा हात आहे.

माइक ओठांसमोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्याशी ठेवावा. मराठीत बोलणाऱ्याने तर हे कटाक्षाने पाळावे, कारण आपल्या भाषेत ख, फ, भ, ठ अशा महाप्राण व्यंजनांची रेलचेल आहे. ‘फातोर्डा’, ‘फटका’, ‘भन्नाट’ म्हणताना तोंडातून निघणारी फुंकर सरळ माइकवर आदळली की श्रोत्याला धप्प असा आवाज ऐकू येतो. माइकवरची स्पंजची टोपी ही फुंकर थोपवते, पण पूर्ण नाही.

श्रोत्यांच्या लक्षात येत नाही तो भाग कानांचा. एका कानात सामन्याचा आवाज आणि सहसमालोचक, दुसऱ्यात निर्मात्याच्या सूचना, अशी वाटणी पुष्कळदा करतात. स्वतःचा आवाजही लगेच, विलंबाविना कानात यावा लागतो. नाहीतर बंद कपांमुळे माणूस नकळत ओरडू लागतो. मात्र तोच आवाज उपग्रहावरून फिरून उशिरा परत आला, तर जीभ अडखळते. सेकंदाच्या पाचव्या भागाचा उशीरही सराईत वक्त्याला तोतरे करायला पुरतो. म्हणून दूरच्या केंद्राकडून परत येणाऱ्या ध्वनीतून समालोचकाचा स्वतःचा आवाज वगळतात. ही जोडणी चुकली तर कितीही महागडा हेडसेट उपयोगाचा नाही.

माइकची तार बहुधा तीन पिनांच्या एक्सएलआर कनेक्टरला जाते. तिच्यातल्या दोन वाहकांवर सारखाच शिरलेला विजेचा गुणगुणाट पुढे वजा होतो. घरगुती हेडसेटच्या ३.५ मिलिमीटरच्या पिनेत ही सोय नसते. माइकच्या दोन मुख्य प्रकारांपैकी डायनॅमिक माइकला बाहेरून वीज लागत नाही, कंडेन्सर माइकला लागते. हेडसेट ज्याला जोडतात त्या समालोचकाच्या नियंत्रण-पेटीवर खोकल्यापुरता माइक बंद करणारी कळ असते.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि एमिसोरा द गोवा या पोर्तुगीज केंद्राच्या जागी आकाशवाणीचे पणजी केंद्र आले. त्यानंतर कोकणी आणि मराठी प्रसारणाची पिढी इथे घडली. पुढे फातोर्ड्यात २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचे सामने झाले आणि इंडियन सुपर लीगही रुजली.

गोव्याची हवा या साधनाला मानवत नाही. खारा वारा आणि पावसाळ्यातला दमटपणा यांनी पिना काळवंडतात, घामाने कपांवरच्या गाद्यांचे रेग्झिन सोलवटते. वापर झाला की गाद्या पुसून, स्पंजची टोपी सौम्य साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावी. टोपी तोंडाशी असल्याने प्रत्येकाची वेगळी असावी. हेडसेट पेटीत ठेवताना सोबत सिलिका जेलची पुडी टाकावी आणि तार कपांभोवती करकचून गुंडाळू नये, कारण ती तुटते ती बहुतेकदा कपाच्या तोंडाशी.